समजून घ्या : हप्ता सात वर्षांचा, वॉरंटी तीन वर्षांची; छोटी गाडी भरवशाची आहे हे कसे ओळखायचे?

बदलापूरहून मुंबईकडे जाणारी शेवटची लोकल निघून गेली आहे, घरातल्या ज्येष्ठाच्या छातीत दुखते आहे आणि रस्त्यावर रिक्षा नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातल्या मध्यमवर्गीय घरात पहिली गाडी घेण्याची चर्चा सुरू होते तेव्हा अशा रात्रीचा विषय हमखास निघतो. कामावर जायला लोकल आहेच, गाडी हवी असते ती अडीअडचणीला. म्हणूनच या गाडीकडून पहिली अपेक्षा असते ती चावी फिरवल्यावर सुरू होण्याची. प्रत्यक्षात खरेदीच्या वेळी चर्चा होते ती मायलेज, रंग, टचस्क्रीन आणि सवलतीची. भरवशाचा हिशेब राहून जातो. तो कसा करायचा?

हा प्रश्न आत्ताच का?

२२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी कमी झाला. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. तो आता सरसकट १८ टक्के आहे. कर वगळून ४ लाख रुपये किंमत असलेल्या गाडीवर हा फरक ४४ हजार रुपयांचा होतो. साहजिकच दुचाकीवरून चारचाकीकडे वळणाऱ्या कुटुंबांना गाडी आवाक्यात आल्यासारखी वाटू लागली.

पण शोरूममधल्या किमतीवर राज्याचा वाहन कर आणि विमाही येतो. दहा लाखांच्या आतल्या वैयक्तिक पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के वाहन कर लागतो. त्यामुळे साडेचार-पाच लाखांची गाडी दारात येईपर्यंत साडेपाच-सहा लाखांपर्यंत जाते आणि बहुतेक घरांत ती कर्जावर येते. अनेकांच्या डोक्यावर घराचे कर्ज आधीच असते. अशा घरात तिसऱ्या-चौथ्या वर्षी ४० हजारांचा गिअरबॉक्सचा खर्च निघाला, तर तो थेट घरखर्चातून जातो.

मायलेज आणि सुरक्षेचे तारे पुरेसे नाहीत का?

नाहीत. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मायलेजचा आकडा गाडी ठरावीक परिस्थितीत किती इंधन खाते ते सांगतो. भारत एनकॅपचे तारे अपघातात प्रवाशांचे किती संरक्षण होईल ते सांगतात. ही चाचणी योजना ऑगस्ट २०२३मध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाली. ती महत्त्वाचीच आहे. पण पाच तारे मिळालेल्या गाडीचा क्लच ३० हजार किलोमीटरवर जाणार नाही, याची हमी त्या ताऱ्यांत नसते.

भरवसा म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरे. गाडी किती वेळा बंद पडते? बंद पडली तर किती लवकर आणि किती पैशांत दुरुस्त होते? आणि तिला लागणारा भाग पाच-सात वर्षांनंतरही मिळतो का? पहिला प्रश्न कारखान्याचा आहे. उरलेले दोन गावातल्या गॅरेजचे आणि कंपनीच्या जाळ्याचे आहेत. या पट्ट्यातल्या खरेदीदाराने या दोन प्रश्नांना पहिल्याइतकेच वजन द्यायला हवे.

हप्ता आणि वॉरंटी यांचा मेळ बसतो का?

५ लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण ८,०४५ रुपये येतो. पाच वर्षांसाठी घेतले तर १०,३८० रुपयांच्या आसपास. हप्ता कमी वाटावा म्हणून सात वर्षांचा पर्याय निवडण्याचा मोह होतो.

आता वॉरंटी पाहू. छोट्या गाड्यांच्या सर्वात मोठ्या उत्पादक कंपनीने, म्हणजे मारुती सुझुकीने, जुलै २०२४मध्ये आपली मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली. ही सुधारणा चांगलीच आहे. तरीही सात वर्षांच्या कर्जात तीन वर्षे संपतात तेव्हा मुद्दलापैकी सुमारे ३ लाख २३ हजार रुपये बाकी असतात. वॉरंटी नाही आणि हप्ते चालू, असा चार वर्षांचा काळ समोर उभा राहतो. महागडे बिघाड याच काळात डोके वर काढण्याची शक्यता जास्त असते.

म्हणून बजेट कमी असेल तर वरचे मॉडेल सोडावे, अलॉय व्हील सोडावेत, पण वाढीव वॉरंटी सोडू नये. ती काही हजारांत मिळते आणि पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत नेता येते. मात्र तिच्या अटी वाचायला हव्यात. ठरलेल्या वेळी अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग झाले नाही, तर दावा नाकारला जाऊ शकतो. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर असे झिजणारे भाग तिच्यात धरलेले नसतात.

सर्वाधिक खपाची गाडी म्हणजे भरवशाची गाडी?

काही अंशी. वॅगनआरचे उदाहरण बोलके आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात ती देशातील सर्वाधिक विकली गेलेली कार होती. १ लाख ९८ हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. याच गाडीची नवी पिढी जानेवारी २०१९मध्ये बाजारात आली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंधनाच्या नळीच्या संभाव्य दोषासाठी एक लिटर इंजिनाच्या ४०,६१८ गाड्या परत बोलावण्यात आल्या. जुलै २०२०मध्ये इंधन पंपाच्या संभाव्य दोषासाठी ५६,६६३ वॅगनआर बोलावल्या गेल्या. त्या नोव्हेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०१९ या काळात बनलेल्या होत्या. मार्च २०२४मध्ये पुन्हा इंधन पंपाच्या मोटरमधील एका भागासाठी ४,१९० वॅगनआर परत बोलावल्या. त्या २०१९च्या जुलैअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तयार झालेल्या होत्या.

यावरून वॅगनआर वाईट गाडी ठरत नाही. दोष कंपनीने जाहीर केला आणि भाग मोफत बदलून दिला, ही रिकॉलची चांगली बाजू आहे. लक्षात घेण्याचा मुद्दा वेगळा आहे. तिन्ही वेळा बोलावलेल्या गाड्या नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षभरातल्या होत्या. रेनॉ क्विड सप्टेंबर २०१५मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी इंधन नळीच्या क्लिपसाठी ५० हजारांहून अधिक गाड्या तपासणीला बोलावल्या गेल्या. दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही. पण नव्या मॉडेलचे सुरुवातीचे दोष पहिल्या ग्राहकांच्या गाड्यांमध्ये उघड होतात, हा मेकॅनिक मंडळींचा जुना अनुभव या उदाहरणांशी जुळतो. ज्याला एकच गाडी घ्यायची आहे आणि ती सात वर्षे चालवायची आहे, त्याने नव्या मॉडेलला वर्ष-दीड वर्ष द्यावे. बाजारात मुरलेली गाडी दिसायला जुनी वाटेल, पण तिचे दुखणे गॅरेजला माहीत असते.

कंपनीच निघून गेली तर?

हे आपल्याकडे घडले आहे. जनरल मोटर्सने २०१७च्या अखेरीस भारतात शेवर्ले गाड्यांची विक्री थांबवली. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. स्वस्त छोट्या गाड्यांसाठीच आणलेला डॅटसन ब्रँड एप्रिल २०२२मध्ये गुंडाळला गेला. स्पार्क, बीट, फिगो किंवा रेडी-गो घेतलेल्यांच्या गाड्या त्या दिवशी बंद पडल्या नाहीत. कंपन्यांनी सेवा चालू ठेवण्याचे सांगितले. तरी पुनर्विक्रीची किंमत पडते, सर्व्हिस सेंटर दूर जातात आणि एखाद्या सेन्सरसाठी आठवडे वाट पाहावी लागू शकते.

म्हणून गाडीसोबत कंपनीही तोलावी. तिचे छोट्या गाड्यांवर लक्ष आहे का? कल्याण-बदलापूर पट्ट्यात तिचे किती सर्व्हिस सेंटर आहेत? बदलापूरच्या माणसाला प्रत्येक सर्व्हिसिंगसाठी ठाण्याला जावे लागणार असेल, तर सुट्टीचा अख्खा दिवस आणि इंधन हाही खर्चच आहे.

या पट्ट्यात गाडीचा वापर वेगळा कसा?

बदलापूर स्थानक मुंबई सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. रोज गाडीने मुंबई गाठणे परवडत नाही आणि जमतही नाही. त्यामुळे अनेकांची गाडी आठवडाभर सोसायटीत उभी असते. सकाळी स्थानकापर्यंत दोन-तीन किलोमीटर, रविवारी बाजार, कधी कोंडेश्वर किंवा बारवी धरणाकडे चक्कर. असा वापर गाडीला सोपा वाटतो, पण तसा तो नसतो. छोट्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही, बॅटरी नीट चार्ज होत नाही, उभ्या गाडीत उंदीर वायरिंग कुरतडतात. असा वापर असेल तर किलोमीटर कमी झाले तरी वर्षाला ऑइल बदलावे आणि आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी पळवावी.

दुसरा गट रोज गाडी चालवणाऱ्यांचा. काटई-बदलापूर रस्ता, शिळफाटा, कल्याण-बदलापूर रस्त्यावर उल्हासनगरचा श्रीराम चौक येथील कोंडीत क्लचवर सतत पाय राहतो. पावसाळ्यात खड्डे शॉकॲब्सॉर्बर, बुश आणि स्टिअरिंगचे सांधे खातात. अशा ग्राहकाने सस्पेन्शनच्या भागांची किंमत आणि गाडीची जमिनीपासूनची उंची आधी पाहावी. मोठे चाक आणि पातळ टायर फोटोत छान दिसतात. खड्ड्यात आदळल्यावर रिम वाकते ती अशाच जोडीची.

एएमटी, सीएनजी आणि ई-२० यांचे काय?

छोट्या गाड्यांत क्लचविना चालणारा एएमटी गिअर २०१४मध्ये सेलेरियोबरोबर आला आणि लोकप्रिय झाला. कोंडीत पायाला आराम मिळतो. मात्र आत क्लच प्लेट तीच असते. ती दाबण्याचे काम यंत्र करते आणि त्या यंत्राची दुरुस्ती कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये होईलच असे नाही. एएमटी घ्यायची असेल तर वाढीव वॉरंटी जवळपास अनिवार्य समजावी.

सीएनजीमुळे रोजचा खर्च कमी होतो. पण महिन्याला तीन-चारशे किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत जादा दिलेली किंमत वसूल व्हायला अनेक वर्षे लागतात. सीएनजी घ्यायचाच तर कंपनीत बसवलेला घ्यावा. बाहेरून किट बसवल्यास वॉरंटीचा प्रश्न येतो आणि आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. एप्रिल २०२३पासून बनलेल्या गाड्यांचे भाग त्याला अनुकूल आहेत. प्रश्न जुन्या गाडीचा आहे. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरच्या वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे केंद्र सरकारनेच म्हटले आहे. त्यामुळे २०२३पूर्वीची गाडी घेताना इंधनाच्या नळ्या आणि सील तपासून घ्यावेत.

जुनी गाडी घ्यायची तर मोठा धोका कोणता?

या भागापुरते उत्तर आहे, पाण्यात बुडालेली गाडी. २६ जुलै २००५चा पूर इथे कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या दिवशी नदीकाठच्या वस्त्यांत उभ्या असलेल्या गाड्यांचे काय झाले असेल, ते वेगळे सांगायला नको. वालधुनीच्या काठी अंबरनाथ-उल्हासनगरमध्येही पावसाळ्यात पाणी शिरते.

बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. वायरिंग आणि कंट्रोल युनिटमध्ये शिरलेला गंज मात्र महिन्यांनी त्रास देतो. त्यासाठी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, टोकाला चिखलाची रेघ असू शकते. सीटखालच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली बारीक गाळ, हेडलाइटच्या आत धुके, कुबट वास या खुणा आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा इतिहास मागावा. किलोमीटरचा आकडा आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी जुळतात का, विम्याचा दावा कधी झाला होता का, हे त्यातून कळते. विक्रेता इतिहास दाखवायला टाळत असेल तर गाडी कितीही स्वस्त असो, निघून यावे.

नवी गाडी नदीकाठच्या सोसायटीत उभी राहणार असेल, तर विम्यात इंजिन संरक्षणाचे जादा कवच घ्यावे. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याने इंजिन मोडते आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा धरले जात नाही.

बुकिंगची रक्कम भरण्याआधी काय करावे?

एक आठवडा आणि थोडी पायपीट पुरेशी आहे.

• घराजवळच्या दोन स्वतंत्र गॅरेजमध्ये विचारावे : या मॉडेलच्या गाड्या कोणत्या कामासाठी येतात? मेकॅनिकला गाडी विकायची नसते, त्यामुळे उत्तर सरळ मिळते.

• सोसायटीत, कार्यालयात तीन ते पाच वर्षे तीच गाडी वापरणारे दोघे-तिघे शोधावेत. ‘गाडी कशी आहे?’ असे विचारले तर सगळेच ‘मस्त’ म्हणतात. ‘आतापर्यंत काय काय बदलले आणि किती खर्च आला?’ असे विचारावे.

• क्लच सेट, पुढचे शॉकॲब्सॉर्बर, हेडलाइट, बंपर आणि एसी कॉम्प्रेसर या पाच भागांच्या किमती सर्व्हिस सेंटरमधून लिहून घ्याव्यात. दोन गाड्यांतला खरा फरक इथे दिसतो.

• टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता चार माणसे बसवून, एसी लावून, उड्डाणपुलावर चढताना आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर घ्यावी. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे.

• त्या मॉडेलचे आजवरचे रिकॉल पाहावेत. जुनी गाडी असेल तर चेसिस क्रमांकावरून रिकॉलचे काम झाले का, हे सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे.

• नवी गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ती कोणत्या महिन्यात बनली ते पाहावे. टायरवरचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. महिनोन्‌महिने यार्डात उभी राहिलेली गाडी भारी सवलतीत मिळत असेल, तर बॅटरी आणि टायर नीट तपासूनच घ्यावी.

इतके करूनही गाडी बिघडली तर?

नशिबावर नवे यंत्रही सदोष निघू शकते. अमेरिकेत वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठी वेगळे कायदे आहेत, आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात करता येते. ग्राहक जिथे राहतो वा काम करतो तिथेच ती दाखल करता येते, म्हणजे या तिन्ही शहरांसाठी ठाणे जिल्ह्यात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

तिथे कामी येतो तो कागद. प्रत्येक वेळी सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार आपल्या शब्दांत जॉबकार्डवर लिहून घ्यावी आणि प्रत ठेवावी. तोंडी सांगितलेली दहा गाऱ्हाणी आयोगासमोर शून्य ठरतात. एकच बिघाड दाखवणारी चार जॉबकार्डे मात्र बरेच काही सिद्ध करतात.

ही सगळी धावपळ ग्राहकानेच का करायची?

खरा आक्षेप इथे आहे. जर्मनीत गाड्यांची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. त्यातून कोणते मॉडेल किती प्रमाणात नापास झाले, याचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतो. तिथली वाहनचालकांची संघटना एडीएसी रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची मॉडेलनिहाय आकडेवारी देते. अमेरिकेत ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ हे नियतकालिक सदस्यांकडून बिघाडांची माहिती गोळा करते. आपल्याकडे खासगी कारची तपासणी नोंदणीच्या नूतनीकरणावेळी, म्हणजे पंधरा वर्षांनी होते. तोपर्यंतचे बिघाड कंपनीच्या संगणकात आणि मेकॅनिकच्या डोक्यात राहतात.

मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचे आदेश देण्याचा अधिकार मिळाला. एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांपर्यंतच्या गाडीतील दोषाची तक्रार मालक करू शकतो आणि कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मग कोणत्या मॉडेलबद्दल किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, हे दर तिमाहीला मराठीसह सर्व भाषांत जाहीर करायला काय हरकत आहे? कर कमी करून सरकारने गाडी स्वस्त केली. ती घेताना लागणारी माहिती खुली करणे हे त्याहून कमी खर्चाचे काम आहे.

ते होईपर्यंत शोरूमआधी गॅरेज गाठणे, हाच सामान्य ग्राहकाचा मार्ग आहे. ऑफर महिनाअखेरीस संपेल म्हणून घाई केली जाते. पण पुढच्या महिन्यात दुसरी ऑफर येते. हप्ते मात्र एकदा सुरू झाले की ८४ महिने थांबत नाहीत. त्या ८४ महिन्यांतल्या एखाद्या मध्यरात्री गाडी सुरू व्हायलाच हवी असेल, तर खरेदीपूर्वीचा एक आठवडा जास्त नाही.